सुट्टीच्या वाराची सुई

दादा रे,

तू गेल्यापासून मनात तुझ्याशी खूप बोलले, पण कागदावर आज पहिल्यांदाच. कारण सांगते. तू घेत होतास तीच आठवड्याची सुई आता माझ्या नावाने लिहून आली आहे. तसाच पांढरा डबा, आत तसंच पेन. आज दुपारी पहिली घ्यायची आहे आणि सकाळपासून मला भीती वाटते आहे. हे कुणाला सांगू? तुझ्याशिवाय कुणाला त्या भीतीची चव माहीत आहे?

खरी पंचाईत तर पुढेच आहे. सुई माझ्या घरात नाहीच. ती मोशीला, तुझ्या घरी, तुझ्याच फ्रिजमध्ये पडली आहे. वहिनीने ती माझ्याकडून उचलून नेली. आज घेऊन ये म्हटलं तर बरं म्हणाली होती, पण कालपासून फोन उचलत नाही. येईल की नाही ठाऊक नाही. आली नाही तर सुटले असं वाटेल, आणि त्याच क्षणी मेले असंही वाटेल. अशा अवस्थेत बसले आहे मी, दादा. अक्षर कोंबडीचे पाय झालं तर हसू नकोस.

झालं असं. गेल्या महिन्यात वहिनी इकडे पिंपळे गुरवला आली होती, मेथीच्या दोन जुड्या घेऊन. निवडून झाल्यावर पिशवी ठेवायला तिने फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवला. मी गॅसपाशी होते. "वहिनी, दार लाव की गं," म्हणाले. वळून बघते तर बाई फरशीवर बसलेली आणि मांडीवर तो डबा. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण तो डबा ती अंधारातही ओळखेल.

"कुणाचा हाय हा?"

"माझा, वहिनी."

"तुजा?" तिने डबा उचलून माझ्यापुढे धरला. "एक घर बुडवलं ह्यानं. आता दुसरं बुडवाया आला व्हय?"

मी काहीबाही सांगत राहिले. डॉक्टरीणबाईंनी दिलंय, साखर उतरत नाही, सगळे घेतात. तिने काही ऐकलं नाही. डबा पदराखाली घेतला, चपला पायांत सरकवल्या आणि निघाली. मी जिन्यापर्यंत मागे धावले. "वहिनी, तो गार ठेवावा लागतो!" तर खालच्या पायरीवरून म्हणते, "ठिवते की गार. ह्यांच्या डब्याची जागा अजून रिकामीच हाय माज्या फ्रिजात."

मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले.

दादा, तुझी सुई सुरू झाली तेव्हा आपल्याला किती मजा वाटली होती, आठवतं? तुझी ती ढेरी! चाकणच्या कंपनीत तुझ्या भट्टीखात्यातली पोरं तुला मागून "टाकी" म्हणायची आणि तू पुढून "भरून द्या" म्हणायचास. साखर होतीच, गोळ्या होत्याच, पण गोळी खायची आणि वर दोन वडापाव, असा तुझा पथ्याचा प्रकार. मग मोशीच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची सुई लिहून दिली. पोटाच्या कातड्यात टोचायची, मुंगी चावल्यासारखी. बघता बघता तुझी पँट खाली सरकायला लागली. पट्ट्याला तू तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडलीस आणि आल्यागेल्याला शर्ट वर करून दाखवायला लागलास. साखरही उतरली होती. डॉक्टर खूश, तू खूश.

एक वहिनीच खूश नव्हती. तू भाकरीचा चतकोर खाऊन ताट सरकवायचास. "भूकच गेली गं, राणीसरकार," म्हणायचास. ती आमटीची वाटी परत पातेल्यात ओतताना मला हळूच म्हणाली होती, "माज्या हाताची चव गेली का गं शकू?" तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. नवरा बारीक होतोय तर रडते कसली, म्हणाले होते.

पहिला दीड दिवस तुला मळमळायचं. म्हणून तू सुईला गुरुवार नेमला होतास. जगाचा रविवार तो आपला गुरुवार. या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांची सुट्टी गुरुवारीच. सकाळी आंघोळ, देवाला दिवा, मग सुई, मग पंख्याखाली आडवं. "सुट्टीच्या वाराची सुई," असं नावच ठेवलं होतंस तू तिचं. डॉक्टरांनी 'ठरलेल्या वारी' सांगितलं होतं आणि तुझा ठरलेला वार म्हणजे सुट्टी. त्यात गैर ते काय, असंच कुणालाही वाटेल.

आणि मग ती नोटीस लागली.

रविवारी वीज बंद राहणार, म्हणून त्या दिवशी सुट्टी; त्याच्या बदल्यात नंतरच्या गुरुवारी काम. बस, एवढंच. आपल्याकडे हे काय नवीन आहे? सुट्टी सरकली की केस कापणं सरकतं, मटण सरकतं, पाहुण्यांकडे जाणं सरकतं. आठवडा कॅलेंडरवर कुठे असतो आपला? तो सुट्टीपासून सुट्टीपर्यंत असतो. आदल्या गुरुवारी तू सुई घेतलेली होतीस. तीनच दिवसांनी रविवारी सुट्टी आली आणि तू दुसरी घेतलीस.

मला फोन करून सांगितलंसही. "पुढच्या गुरुवारी भट्टीपुढं मळमळत कोण उभं राहणार, शके? म्हणून ती सुई आजच उरकली. एका सुट्टीला एक. हिशेब चोख!" मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. वहिनीलाही वाटलं. तुझ्या खात्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने मान डोलावली असती. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्यात कुठेच चूक ऐकू येत नाही.

सोमवारी तू कंपनीच्या बसमध्येच उलटी केलीस. पोटात पाण्याचा घोट टिकेना. तरी भट्टीपुढे उभा राहिलास, त्या तापून लालभडक झालेल्या गिअरसमोर, ते बुडवायच्या तेलाच्या वासात. घाम निथळतोय आणि आत पाणी जात नाही. आणि म्हणे काय, तर पित्त झालंय!

आपल्या घरात ज्याला त्याला पित्तच होतं ना रे? डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. आईच्या छातीत कळ आली तेव्हा शेजारची काकू आवळा सुपारी घेऊन आली होती, आणि निघालं हृदयाचं दुखणं. आपण शिकलो काय त्यातून? संध्याकाळी घरी येऊन तू तांब्याभर कोमट मीठपाणी प्यायलास, घशात बोटं घातलीस आणि मोरीत ओकलास. "सगळं पित्त निघालं, आता बरं वाटतंय," म्हणालास वहिनीला. मंगळवारी परत तेच केलंस. शरीरात होतं नव्हतं ते पाणीही तू तुझ्या हाताने बाहेर काढलंस, दादा!

तुझं पोट पाठीपर्यंत दुखत होतं ना? सरळ झोपवत नव्हतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. वहिनीने ते मला नंतर सांगितलं. तिला तू म्हणालास, भट्टीवर रॉड ओढून पाठ भरली आहे. का असं करतोस रे? दुखतंय तर दुखतंय म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

कंपनीच्या दवाखान्यातही तुला विचारलं होतं. तुझ्याबरोबर गेलेल्या तुझ्या खात्यातल्या पवारभाऊंनी मला सगळं सांगितलं. तिथल्या माणसाने विचारलं, "काय औषधं चालू आहेत?" आणि तू म्हणालास, "काय नाय राव, गॅसची गोळी द्या." साखरेच्या गोळ्या लपवल्यास आणि सुईही लपवलीस. तुला धास्ती होती की 'सुईवरचा पेशंट' असं लिहिलं गेलं की वार्षिक तपासणीत तुला भट्टीवरून काढतील आणि गेटवर नाहीतर स्टोअरमध्ये बसवतील. बावीस वर्षं जिथे तू उस्ताद होतास तिथून उठून खिळे मोजत बसायचं, हे तुला मरणाहून वाईट वाटलं. खरंच मरणाहून वाईट होतं का रे ते? आता सांग.

बुधवारी पवारभाऊ तुला धरून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी भोसरीहून कामावरून तशीच आले. तुझे ओठ पापडासारखे सुकले होते. तू मला म्हणालास, "शके, बर्फाचा खडा दे गं एक." सिस्टरने नाही म्हणून सांगितलं होतं. मी दिला नाही. तो खडा मी अजून तुला देते, दादा, मनातल्या मनात रोज देते.

स्वादुपिंडाला सूज, लघवी बंद, मूत्रपिंडांनी हात टेकले. असे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकले. मोठ्या डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "कोणती औषधं घेत होते?" तिने सांगितलं, साखरेच्या गोळ्या आणि ती आठवड्याची सुई. "शेवटची कधी घेतली?" ती म्हणाली, "गुरुवारी आन् रविवारी." त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, बिचारी, अगदी सरळ. डॉक्टरांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेत वहिनी अजून अडकली आहे.

तू गेलास. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिता येत नाही.

आता माझं ऐक. तू असतास तर मला रागावला असतास, कारण साखर मी पण अंगावर काढली. गोळ्या वाढत गेल्या, साखर वाढत गेली. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये माझं काम तुला माहीत आहे. दिव्याखाली रबरी रिंगा फिरवून बघायच्या, कुठे चीर, कुठे फुगा. केसाएवढी खोट मी लांबून पकडायचे, तूच माझ्या डोळ्यांना 'घार' म्हणायचास. गेल्या काही महिन्यांत त्या रिंगांच्या कडेला धूर दिसायला लागला. मी चष्मा पुसायचे, दिवा पुसायचे. एकदा मी पास केलेला माल चीर निघाली म्हणून परत आला. सुपरवायझर चांगला पोरगा आहे. बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, रागावू नका, पण डोळे एकदा दाखवून या."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवलं, पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. साखरेमुळे. आता आवरली नाही तर पुढे काय, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं आणि मला ते जास्त मोठ्याने ऐकू आलं. दादा, मला आंधळं व्हायचं नाही. दुसऱ्याच्या हाताला धरून मोरीपर्यंत जायचं नाही. घरी येईपर्यंत मी बसमध्ये दुकानांवरच्या पाट्या वाचत होते, एकेक अक्षर, परीक्षा दिल्यासारखी.

मग साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी ही सुई लिहून दिली. मी मान हलवली आणि डबा घेऊन आले. तुझं नाव तोंडातून निघालंच नाही. बाई म्हणतील अडाणी लोक आहेत, घाबरतात, असं वाटलं. डबा फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे सारला आणि रोज बघत राहिले. सुई घेतली तर पोट, नाही घेतली तर डोळे. कुठल्या बाजूने जाऊ?

वहिनी डबा घेऊन गेली त्यानंतर तिचा बरेच दिवस फोन नाही. मग एके सकाळी म्हणते, "काय करलालीस? तयार हो. तुज्या त्या बाईकडं जायाचंय मला." मी म्हणाले, "वहिनी, भांडायला?" म्हणाली, "मंग काय वटी भरायला?"

तुला खोटं वाटेल, पण आपली वहिनी, जी तुझ्यासमोर डॉक्टरांना तोंड वर करून बघायची नाही, ती त्या खुर्चीत जाऊन बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "बाई, माजा मालक ह्या सुईनं गेला. आन् तीच सुई तुमी माज्या नणंदेला दिली."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सुरुवातीपासून सांगा," म्हणाल्या. आणि वहिनीने सांगितलं. ढेरी, पट्टा, आमटीची वाटी, गुरुवार, नोटीस, रविवार, मीठपाणी, भट्टी, गॅसची गोळी. मी तोपर्यंत तिच्या तोंडून हे सलग कधी ऐकलंच नव्हतं. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

शेवटी वहिनीने विचारलं, "आता सांगा. मारलं का न्हाई ह्या सुईनं?"

"त्यांना तपासलं नाही, म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "पण या औषधाने क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, हे खरं आहे. उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हेही खरं. त्यात दोन सुया इतक्या जवळ, वर भट्टीची धग, आणि कुणालाच कळू दिलं नाही. औषध चांगलं आहे हो. कितीतरी लोकांची साखर, वजन, हृदय याने सांभाळलंय. पण चांगलं आहे म्हणून निरुपद्रवी नाही."

वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "आन् सुट्टी बदलली तर काय करायचं ते सांगा. तेच कुणी सांगितलं न्हाई आमाला."

"वार धरायचा, सुट्टी धरायची नाही. सुट्टी कुठेही जाऊ दे. आणि वार बदलायचाच झाला तर आधी मला फोन." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? आता तुमचा डबा तसाच बंद राहू दे. आधी तपासण्या."

पोटाची सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला. रक्त दिलं. मूत्रपिंडं बघितली. घरात कुणाला गळ्यातल्या थायरॉइडचा कॅन्सर होता का, तेही विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पुन्हा चिठ्ठी आणली, कारण साखर एकदम धपकन खाली आली तर पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो म्हणे. बघ ना दादा, डोळे वाचवायला घ्यायची सुई आणि तीच डोळ्यांवर उठू शकते! हे ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

सगळं ठीक आलं. बाई म्हणाल्या, "सगळ्यात लहान डोसने सुरू करू, सावकाश वाढवू. मनाला पटत नसेल तर रोजचं इन्सुलिन आहे, तेही चांगलं. जबरदस्ती नाही. पण तुमचं वजन, तुमची साखर, तुमचं हृदय बघता मला ही सुई जास्त उपयोगाची वाटते." आणि मग घाई न करता त्यांनी सांगितलं की पोट दुखायचं थांबत नसेल, पाठीत जात असेल, पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली, डोळ्यांपुढे अचानक पडदा आला, तर सुई बंद आणि थेट दवाखाना. कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, कारण उपाशी असलं तरी पोट रिकामं नसतं. वहिनी मान हलवत होती, मी तिच्या मान हलवण्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर रसवंतीपाशी उभ्या राहिलो, दोघींनीही रस घेतला नाही. "तुजं तू ठरव," वहिनी म्हणाली. "मी हो म्हनले आन् तुला काय झालं, तर मी कुणाकडं बगू? न्हाई म्हनले आन् तुजे डोळे गेले, तरी मीच." असं म्हणून ती मोशीच्या बसमध्ये चढली.

मी ठरवलं. सुई घ्यायची. धैर्य वगैरे काही नाही रे, एका भीतीपेक्षा दुसरी भीती थोडी मोठी निघाली, एवढंच. वार धरला बुधवार, भर कामाचा. आजची रजा घेतली, आणि आमच्या वर्कशॉपला गुरुवारची सुट्टी नसते म्हणून सुपरवायझरला सांगून आले की उद्या मळमळलं तर बाकावरून उठेन. घरी यांनाही, तुझ्या मेहुण्यांना, नीट सांगितलं. ते दुसऱ्या शिफ्टला गेलेत, पण फोन खिशात, आवाज चालू. वहिनीला कळवलं, डबा घेऊन ये म्हणाले. ती फक्त "बरं" म्हणाली. आणि तेव्हापासून फोन उचलत नाही.

तिने डबा फेकला असेल का? नदीत टाकला असेल? टाकला असेल तर मी तिला काय बोलू? खरं सांगू, मघापासून मी तीच प्रार्थना करते आहे, आणि तिच्या उलटही करते आहे.

थांब, बेल वाजली.

आली! घामाने डबडबलेली, दोन बस बदलून. हातात तुझा कंपनीचा जुना स्टीलचा डबा. वरच्या पुडात बर्फ, खालच्या पुडात फडक्यात गुंडाळलेलं पेन. "फोन का नाही उचललास?" मी ओरडले. म्हणाली, "उचलला असता तर तू इचारलं असतं येती का. मलाच ठाव नव्हतं. स्टॉपवर तीन गाड्या सोडल्या मी." पाणी प्यायली. हात साबणाने धुतले, माझेही धुवायला लावले. औषधाच्या मुदतीची तारीख वाचून घेतली, डोसचा आकडा माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. मग म्हणाली, "ह्यांनी घेताना मी कधी बगितलं न्हाई. मला सुईची भीती वाटती म्हनून आत जाऊन बसायची. आज बगते."

आणि तिने बघितलं, दादा. डोळे न मिटता. मी पोटाचं कातडं चिमटीत धरलं, टोचलं, आकडे मोजले, काढलं. मुंगी चावल्यासारखीच. तू खोटं बोलला नव्हतास. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी वाढली असती.

आता ती समोर बसली आहे. आज राहणार आहे, बहुतेक उद्याही. मला सारखं वाटतंय की आत काहीतरी सुरू झालं, आता पाठीत जाईल, आता डोळ्यांपुढे धूर येईल. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. हे कुणीच आज सांगू शकत नाही, बाईही नाही, आणि ते न कळणंच मला खातंय. तुलाही असंच वाटत होतं का रे? रात्रीचं पाय जवळ घेऊन पडायचास तेव्हा? भट्टीपुढे? वाटत असेल तर कुणाला सांगितलंस तू?

वहिनीने आत्ताच विचारलं, "काय होतंय?" माझ्या ओठांवर आलं होतं, काही नाही, बरी आहे. आपल्या घरातला छापील जबाब. तो गिळला. म्हणाले, "वहिनी, लई भीती वाटतीय."

ती म्हणाली, "मला पन." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.

दादा, तुला एकच वचन देते. दुखलं तर मी दुखतंय म्हणेन. पहिल्यांदा दुखेल तेव्हाच, आणि दिव्याखाली रिंगांची रास पडलेली असली तरी उठून म्हणेन. जो विचारेल त्याला माझी सुई सांगेन, नोकरीची पर्वा न करता. वहिनीच्या वाट्याला डॉक्टरांची तसली नजर पुन्हा येऊ देणार नाही. जगेन की नाही ते माझ्या हातात नाही. पण गेलेच, तर कुणाला न कळता नाही जाणार.

भीत भीत का होईना, पण बोलणारी
तुझी शकू